पिवळं दिसलं म्हणजे सोनकी नव्हे: घाटावरची पिवळी रानफुलं वेगळी ओळखायची कशी

गणपती आले की ट्रेकर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पिवळ्या फुलांचा पूर येतो आणि खाली सगळीकडे एकच नाव, सोनकी. रतनगडावरची सोनकी, इगतपुरीच्या शेतातली सोनकी, हायवेच्या कडेची सोनकी, सोसायटीच्या मागच्या रिकाम्या प्लॉटमधली पण सोनकीच. यातली पहिली खरंच सोनकी असते, दुसरी बहुतेक वेळा खुरासणीचं पीक असतं, तिसरा मेक्सिकोतून आलेला कॉसमॉस निघतो, आणि चौथं काय आहे ते झाड वरून खालपर्यंत बघितल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, कितीही मोठा एक्स्पर्ट असला तरी.

हा लेख त्या लोकांसाठी ज्यांना फुलं आवडतात, बॉटनी शिकलेले नाहीत, पण यंदा तरी नीट नाव घालून फोटो टाकायचाय. मी पण बॉटनीवाला नाही, पुण्यातून गडांवर फिरता फिरता आणि जाणत्या लोकांना पिडून पिडून हे शिकलो. इथे फक्त पिवळ्या डेझीसारखी फुलं घेतलीयेत, ती पण पावसात उगवून दिवाळीनंतर वाळून जाणारी, म्हणजे वर्षायू. पांढरी, जांभळी घेतली तर हा लेख दिवाळी अंकाएवढा होईल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. फुलाचा समोरचा चेहरा सगळ्यात शेवटी बघायचा. पिवळ्या पाकळ्या, मध्ये पिवळी चकती, हे या सगळ्यांचं सारखंच आहे. फरक आहे तो पानांच्या जागेत, फुलाच्या पाठीमागे आणि बीमध्ये. लोक नेमका तोच भाग सोडून फोटो काढतात.

१. बरोबर काय घ्यायचं

फार काही लागत नाही, पण जे लागतं ते लागतंच.

- १० पटीचं भिंग. सोनार वापरतात तसलं घडीचं मिळतं, तेच घ्या. मोबाईलचा मॅक्रो चांगला असेल तर निम्मं काम होतं, पण भिंगाची सर नाही.
- १५ सेंटीमीटरची शाळेतली पट्टी
- टाचणी किंवा सेफ्टी पिन, फूल उकलायला
- काळा कागद किंवा काळं कापड. बीवरचे पांढरे केस पांढऱ्या तळहातावर दिसत नाहीत, काळ्यावर लगेच दिसतात.
- वही आणि पेन्सिल. पेन नको, पावसात शाई पसरते.
- पूर्ण बाह्यांचा शर्ट. का ते गाजर गवताच्या ठिकाणी कळेल.

आणि परवानगीचं बघा. कास पठार हे २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या पश्चिम घाटातल्या ३९ जागांपैकी एक आहे, तिथे सीझनला आधी बुकिंग करून जायचं असतं आणि फूल तोडायचं नाही म्हणजे नाही, "अभ्यासासाठी एकच घेतलं" हे पण चालत नाही. कोयना, चांदोली, राधानगरी ही पण त्याच यादीत आहेत आणि अभयारण्यात काहीही उपटायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. त्यामुळे फूल उकलून बघायचा जो सराव आहे तो गावाबाहेरच्या रस्त्याकडेला करा, तिथे यातली बरीचशी झाडं ढिगाने असतात. एकदा हात बसला की पठारावर नुसतं वाकून बघून कळायला लागतं.

२. आधी खात्री करा की हे सूर्यफुलाच्याच कुळातलं आहे

हे वाचून हसू येईल पण पहिला गोंधळ इथेच होतो. कासला पिवळा दिसणारा अर्धा गालिचा कावळ्याचा, म्हणजे ज्याला लोक मिकी माऊस म्हणतात त्या स्मिथियाचा असू शकतो. तो वाटाण्याच्या कुळातला. फुलाला वरची एक मोठी पाकळी, त्यावर लाल ठिपके, आणि चकती वगैरे काही नाही. दुसरी पिवळी तिळवण, तिला ४ पाकळ्या आणि वर उभी लांब शेंग येते. ती पण आपली नाही.

सूर्यफुलाच्या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो असंख्य बारीक फुलांचा गुच्छ असतो. कडेच्या ज्या "पाकळ्या" त्यातली प्रत्येक एक वेगळं फूल आहे, त्यांना रे म्हणतात, आणि मधली चकती पण बारीक नळीसारख्या फुलांची, ती डिस्क. एक "पाकळी" हळूच ओढून काढा, तिच्या तळाशी स्वतःची छोटीशी बी चिकटलेली दिसली की समजा बरोबर कुळात आलात. बाकी फुलांमध्ये पाकळी ओढली तर नुसती पाकळी हातात येते.

३. देठ मोडा, दूध येतंय का बघा

पांढरं दूध आलं तर तुमच्या हातात सोनकीच्या गटातलं काही नाही, तुम्ही पाथरी, म्हातारा या दुधाळ झाडांच्या बाजूला आलात. या गटात डिस्क नसतेच, सगळीच्या सगळी फुलं पट्टीसारखी चपटी आणि प्रत्येक पट्टीच्या टोकाला ५ बारीक दात. भिंगातून मोजा, मजा येते.

पडीक जागेत, बांधावर, अगदी पुण्यामुंबईच्या फुटपाथच्या फटीत पण येणारे यातले दोन भाऊ म्हणजे सॉन्कस ओलेरेशियस आणि सॉन्कस ॲस्पर. दोघंही वर्षायू, दोघांना फिकी पिवळी फुलं, वाळल्यावर पांढरा कापूस उडतो. यांच्यात लोक उगाच पानाच्या काट्यांवरून भांडतात, ॲस्परला काटे जास्त हे खरं असलं तरी कोवळ्या झाडात ते टोचत नाहीत आणि ओलेरेशियसची पानं उन्हात राठ झाली की ती पण काटेरी वाटतात. त्यापेक्षा पान खोडाला जिथे चिकटतं तिथे बघा. पानाच्या तळाला दोन कान असतात, ते खोडाच्या पलीकडे जातात. कान टोकदार आणि सरळ बाहेर आलेले असतील तर ओलेरेशियस. कान गोल आणि मेंढ्याच्या शिंगासारखे वळून खोडाला बिलगलेले असतील तर ॲस्पर. तरी शंका असेल तर पिकलेली बी भिंगाखाली घ्या: ओलेरेशियसच्या बीवर आडव्या सुरकुत्या असतात, ॲस्परची बी गुळगुळीत, चपटी, नुसत्या उभ्या रेघा आणि कडेला पातळ पंख. बी मिळाली तर वाद संपला.

पाथरी वेगळी, तिची पानं जमिनीलगत पसरतात आणि ती भाजीला आणतात. भाजीसाठी कुठलंही झाड तोडणार असाल तर मात्र हा लेख पुरे नाही, गावातल्या माहितगार बाईबरोबर जा. कारण सोनकी ज्या सेनेसिओ गटातली आहे त्यातल्या बऱ्याच झाडांमध्ये पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाची द्रव्यं असतात आणि ती लिव्हरची वाट लावतात. पिवळी फुलं आणि दातेरी पानं एवढ्यावर कोणी काही शिजवू नये.

दूध नाही आलं? पुढे चला.

४. पानं समोरासमोर की एकाआड एक

ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि इथे भिंग पण लागत नाही.

खोडाच्या मधल्या भागात बघायचं, परत सांगतो, मधल्या. एकाच पेरावर दोन पानं समोरासमोर निघालीयेत का, की एक पान इकडे, त्याच्या वर थोड्या अंतरावर दुसरं पान तिकडे. शेंड्याला बघून निर्णय घेऊ नका कारण ज्यांची पानं समोरासमोर असतात त्यातली काही झाडं वर फुलांजवळ गेली की एकाआड एक पानं काढायला लागतात, कारळा हे तर हमखास करतो. आणि तळाची पानं सप्टेंबरपर्यंत बऱ्याचदा गळून गेलेली असतात, नुसते व्रण राहतात.

एकाआड एक पानं: सोनकी, सोनकडी.
समोरासमोर पानं: कारळा उर्फ खुरासणी, पिवळा कॉसमॉस, बायडेन्स (ज्याच्या काडीसारख्या बिया कपड्यांना चिकटतात ते).

बघा, एका फटक्यात अर्धा प्रश्न सुटला. इगतपुरीच्या शेतातल्या "सोनकी"चा निकाल इथेच लागतो.

इथला एक सापळा गाजर गवताचा. जुलैमध्ये फूल यायच्या आधी कॉसमॉसची रोपं, बायडेन्सची रोपं आणि गाजर गवताची रोपं, तिन्हींची पानं चिरलेली, कातरलेली, लांबून एकच वाटतात. गाजर गवताची पानं एकाआड एक असतात आणि सुरुवातीला जमिनीलगत गोल पसरतात, बाकी दोघांची समोरासमोर. गाजर गवताने कित्येकांना अंगावर खाज, चट्टे उठतात, तेव्हा खात्री होईपर्यंत उघड्या हाताने चाळवू नका. पूर्ण बाह्यांचा शर्ट त्यासाठीच सांगितला. (हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदवलं गेलं ते १९५५ च्या सुमारास पुण्यातच. पुण्याने देशाला काय काय दिलं बघा.)

५. फूल उलटं करा

फुलाच्या पाठीमागे हिरव्या छोट्या पानांची वाटी असते, पुस्तकात त्या पानांना छदं म्हणतात, मी पुढे वाटीच म्हणणारे. सूर्यफुलाच्या कुळात वाटी सगळ्यांनाच असते पण प्रत्येक गटाची ठेवण वेगळी, आणि ती ऊन, पाऊस, मातीप्रमाणे फारशी बदलत नाही. म्हणून जाणती माणसं आधी फूल उलटं करतात.

सोनकीची वाटी एकदम साधी. सारख्या उंचीची अरुंद पानं, एकाच ओळीत, एकमेकाला चिकटून उभी, तळाशी फार तर दोन-चार अगदी बारकी पानं इकडेतिकडे. ही एक ओळ म्हणजे सेनेसिओची सही आहे, ती दिसली की निम्म्याहून जास्त खात्री झाली.

सोनकडीची वाटी अनेक ओळींची, बारीक सुईसारखी टोकदार पानं एकावर एक चढलेली, बाहेरची आखूड, आतली लांब.

कारळ्याला बाहेरून ५ रुंद, पसरट, चक्क झाडाच्या पानासारखी हिरवी पानं असतात. लांबून पण दिसतात.

कॉसमॉस आणि बायडेन्स हे नात्यातले आहेत आणि त्यांची वाटी दुहेरी असते: बाहेर अरुंद हिरवी पानं, जी थोडी लांब सुटलेली असतात, आणि आत रुंद, पातळ, पिवळट-तपकिरी रेघांची, ती फुलाला घट्ट धरून बसलेली. दुहेरी वाटी आणि समोरासमोर चिरलेली पानं एकत्र दिसली तर उत्तर या दोघांपैकीच एक.

६. फूल उकला आणि बी शोधा

एक जुनं, वाळायला आलेलं फूल घ्या. ताजं घेऊ नका, ताज्यात बी कच्ची असते आणि काहीच कळत नाही. टाचणीने मधून फाडा आणि काळ्या कागदावर झटका.

पहिलं बघायचं ते बीच्या डोक्यावर काय आहे. सोनकीच्या बीवर मऊ पांढऱ्या केसांचा झुबका, फुंकर मारली की उडाली. सोनकडीत डिस्कमधल्या बीवर मोजकेच केस आणि कडेच्या रे फुलांच्या बीवर काहीच नाही, हा फरक भिंगाशिवाय दिसणार नाही. कारळ्याची बी काळी, चकचकीत, डोक्यावर काही नाही. चटणीला आणता ना कारळे, तेच. बायडेन्सची बी लांब काडीसारखी, टोकाला दोन ते पाच आकडे, आकड्यांना उलटे काटे, त्यामुळे ती तुमच्या पँटवर चिकटून घरी येते. कॉसमॉसची बी पण लांब, पण तिच्या टोकाला आधी बारीक चोच निघते आणि मग त्या चोचीवर दोन-तीन आकडे, कधी आकडे नसतातच. चोच आहे की नाही यावर कॉसमॉस आणि बायडेन्स वेगळे होतात.

दुसरं, बिया झटकल्यावर फुलाच्या तळव्यावर काय उरतं ते बघा. सोनकीचा तळवा साफ असतो. कारळा, कॉसमॉस, बायडेन्स यांच्यात प्रत्येक बारीक फुलाशेजारी एक पातळ पापुद्रा असतो, तो तिथेच राहतो. हा पापुद्रा ज्याने एकदा बघितला त्याला कारळा आणि सोनकीत परत कधी गोंधळ होत नाही.

७. आता नावं घालू

सोनकी, शास्त्रीय नाव सेनेसिओ बॉम्बेएन्सिस. जुन्या याद्यांमध्ये सेनेसिओ ग्रॅहमी दिसेल, झाड तेच आहे, ते नाव आधीच दुसऱ्या एका झाडाला दिलेलं होतं म्हणून बदलावं लागलं. गडांचे उतार, पठारांच्या कडा, जिथे गवत मोकळं आहे तिथे ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत. पानं एकसंध, कडा दातेरी, खालच्या पानांना देठ आणि वर जाल तसा देठ नाहीसा होतो. उंचीवर जाऊ नका. चांगल्या मातीत गुडघ्याच्या वर जाणारी सोनकी कातळावरच्या बोटभर मातीत वीतभर पण होत नाही, आणि मग लोक ती "छोटी सोनकी" म्हणून वेगळी जात समजतात. तसं काही नाही, उपाशी झाड आहे ते.

सोनकडी, विकोआ इंडिका, काही याद्यांत पेन्टानेमा इंडिकम. नाव सोनकीच्या जवळचं, पानं पण एकाआड एक, रंग पण तोच, त्यामुळे खरी चकवणारी हीच. पानं अरुंद, देठ नाही, तळाला कानासारखी होऊन खोडाला धरतात. रे बारीक आणि भरपूर, सोनकीचे कमी आणि रुंद. पण सोनकीची वरची पानं पण कधी खोडाला धरल्यासारखी वाटतात, म्हणून पानावर नाही, वाटीवर निर्णय घ्या. एक ओळ असेल तर सोनकी, अनेक ओळी असतील तर सोनकडी.

कारळा किंवा खुरासणी, गुइझोशिया ॲबिसिनिका. मूळ इथिओपियाकडचं तेलबियांचं पीक, आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात आणि बाकी डोंगरपट्ट्यात आदिवासी शेतकरी वर्षानुवर्षं घेतात. शेत असेल तर ओळखायला अडचण नाही, खरी अडचण सांडलेल्या बीमधून बांधावर, रस्त्याकडेला उगवलेल्या एकट्या झाडाची. फूल सोनकीपेक्षा मोठं, रे साधारण ८, रुंद, प्रत्येकाच्या टोकाला ३ दात. पान हाताला खरखरीत. बाकी वाटी सांगेलच. आणि हो, शेतात फोटो काढायला आत घुसू नका, दोन सेल्फीसाठी मोडलेलं पीक परत उभं राहत नाही. हे दर वर्षी होतं आणि मला याचा खरोखर राग येतो.

पिवळा कॉसमॉस, कॉसमॉस सल्फ्युरियस. मेक्सिकोकडचा. बागेसाठी आला आणि आता पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, हायवेच्या कडा, पडीक प्लॉट सगळीकडे स्वतःचं स्वतः पसरतोय. फूल ४ ते ६ सेंटीमीटर, रंग नुसता पिवळा नाही, बऱ्याचदा नारिंगीकडे झुकलेला, रे ८ आणि टोकाला दातेरी. पानं दोन-तीनदा चिरलेली. लोकांना ते "सोनकीचं शेत" वाटतं आणि कौतुकाने बिया गोळा करून गडावर टाकणारे महाभाग पण आहेत, कृपया हे करू नका. हे झाड जमलं की खाली गवत आणि स्थानिक रानफुलांना जागा उरत नाही. ओळखण्याच्या सरावासाठी मात्र उत्तम, हवी तेवढी फुलं तोडा, उकला, बी धरायच्या आधी उपटलंत तर टेकडीवर उपकारच होतील.

एकदांडी आणि सोसायटीच्या लॉनमधली वेडेलिया यांचं पटकन सांगतो कारण विचारणारे विचारतातच. एकदांडीचे रे फिके, मलईच्या रंगाचे, मोजून ५ च्या आसपास, लांब दांडीवर एकच फूल. वेडेलिया जमिनीवर पसरते, पान तीन टोकांचं, दुभाजकावर मुद्दाम लावलेली असते. दोन्ही वर्षभर टिकतात आणि आपल्या यादीत येत नाहीत.

८. बायडेन्सच्या आतलं भांडण

इथे थोडं थांबायला लागेल. आपल्याकडे तीन नावं कानावर येतात: बायडेन्स पिलोसा, बायडेन्स बायटर्नाटा, बायडेन्स बायपिनाटा. तिन्ही वर्षायू, तिन्हीच्या बिया चिकटणाऱ्या.

सगळ्यात सोपा पिलोसा, त्याचे रे पांढरे असतात किंवा नसतातच. पान ३ किंवा ५ भागांचं, एकदाच विभागलेलं. पण जेव्हा रे नसतात तेव्हा नुसती पिवळी डिस्क उरते आणि बाकी दोघांचे पण रे बऱ्याचदा गळलेले किंवा मुळातच कमी असतात, मग तिन्ही सारखे. मग पान बघा. बायटर्नाटाचं पान पहिल्यांदा विभागतं आणि त्यातले खालचे भाग परत तीन तुकड्यांत जातात, पण तुकडे रुंद राहतात आणि कडेला सारख्या अंतराचे दाते. बायपिनाटाचं पान दोन-तीनदा बारीक चिरलेलं, शेवटचे तुकडे अरुंद, दाते थोडे आणि कसेही. पानाचा नीट, आडवा, पूर्ण फोटो असेल तर घरी बसून पण सांगता येतं.

बीच्या टोकावरचे आकडे मोजून जात ठरवायचा मोह आवरा. पिलोसाला २-३ आणि बायटर्नाटाला ३-४ असं सांगणारे भेटतील, ते साधारणपणे खरं पण आहे, पण एकाच फुलातल्या कडेच्या आणि मधल्या बियांमध्ये आकडे कमीजास्त निघतात. एका बीवरून निकाल देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

९. सोनकीच्या बहिणी

सोनकीपर्यंत पोचलात की पुढचा प्रश्न येतोच, सेनेसिओ तर आहे पण कुठला. सह्याद्रीत आणि दख्खनच्या पठारावर या गटाच्या अजून जाती आहेत. त्यातली सेनेसिओ एजवर्थी त्यातल्या त्यात पकडता येते: खोडावर, पानावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी लव आणि पानं नुसती दातेरी नाहीत तर खोल कापलेली. ती लव झाड जुनं झालं की कमी होते, त्यामुळे शेंड्याकडच्या कोवळ्या भागावर आणि वाटीवर शोधा. सेनेसिओ बेलगौमेन्सिस, सेनेसिओ डाल्झेली वगैरे नावं कोणी फोटोखाली टाकली तर त्यांना विचारा की तळाची पानं बघितली का आणि पिकलेली बी बघितली का. दोन्ही नसेल तर "सेनेसिओची कुठलीतरी जात" एवढंच लिहिणं जास्त प्रामाणिक आहे आणि त्यात कमीपणा काही नाही, हर्बेरियममधली, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहातली माणसं पण तेच करतात.

१०. फोटो काढताना

एका झाडाचे निदान ५ फोटो. पूर्ण झाड, शेजारी पट्टी ठेवून. खोडाचा मधला भाग, ज्यात दोन पेरं आणि पानांची जागा स्पष्ट दिसते. एक पूर्ण पान, वरून आणि खालून. फुलाची पाठ, म्हणजे वाटी. आणि जुन्या फुलातली बी काळ्या कागदावर. समोरून काढलेला सुंदर फोटो स्टेटसला ठेवा, ओळखायला त्याचा उपयोग शून्य. वहीत तारीख, जागा, उंची, माती कशी, कातळ की गवत, शेजारी काय होतं हे तिथल्या तिथे लिहा, घरी येऊन लिहू म्हणाल तर लिहिलं जात नाही.

ॲपचं बोलायचं तर आयनॅचरलिस्ट किंवा गूगल लेन्स वापरा की, पण गटापर्यंत पोचायला. पिवळा सेनेसिओ दिसला की ॲप कधीकधी भलत्याच खंडातल्या जातीचं नाव पुढे करतं कारण तिचे फोटो जगात जास्त आहेत. सुचवलेलं नाव आपल्या भागात मिळतं का हे नकाशावर बघा आणि मग वर सांगितलेल्या खुणा लावून बघा. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर आणि फ्लॉवर्स ऑफ इंडियावर भारतातले फोटो भरपूर आहेत, तिथे वाटीचे फोटो शोधा. आणि तुमच्या फोटोखाली दोघांनी "सोनकी" म्हटलं म्हणजे ती सोनकी झाली असं नाही, दोघांनी पण समोरचाच फोटो बघितलेला असतो.

खरंच अडलात, किंवा काहीतरी वेगळंच सापडलंय असं वाटलं, तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम आहे. तिथे वाळवून ठेवलेले नमुने असतात. सरळ जाऊन धडकू नका, आधी ईमेल करा, पाचही फोटो आणि वहीतली नोंद जोडा, जायची वेळ आलीच तर ओळखपत्र जवळ ठेवा. नमुना नेणार असाल (अर्थात परवानगीच्या जागेतला) तर फूल, बी, मधलं खोड आणि तळाची पानं सगळं असलेलं एकच झाड जुन्या वर्तमानपत्रात दाबून न्या, पहिले काही दिवस कागद रोज बदला नाहीतर बुरशी येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेली ओली जुडी नेली तर समोरचा माणूस काही बोलणार नाही, पण मदत पण करू शकणार नाही.

सप्टेंबरमध्ये बी पिकलेली नसेल तर जागा लिहून ठेवा आणि ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरमध्ये परत जा. तेव्हा गर्दी नसते, बुकिंगची मारामारी नसते, झाडं वाळकी आणि कुरूप दिसतात आणि बिया आयत्या मिळतात.